दोन चाकांची परीक्षा

कोल्हापूर जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. मग साखर कारखान्यांच्या वाटेवर ट्रॅक्टरांबरोबर उसाने भरलेल्या बैलगाड्याही दिसू लागतात. यांतील ज्या गाडीला रबरी टायर असतात, तिला आपल्याकडचे शेतकरी 'डनलॉप गाडी' म्हणतात. पूर्वीच्या गाडीची चाके लाकडी असत. चाकाच्या कडेला लोखंडी पट्टी चढवलेली असे. या पट्टीला 'धाव' म्हणतात. धावेची गाडी खडीच्या रस्त्यावरून खडखडत जाई. बैलांना हिसके बसत. डनलॉप गाडीला तेच बैल जोडले, तर ते जास्त ऊस ओढतात आणि कमी दमतात.

डनलॉप हे खरे म्हणजे एका माणसाचे नाव आहे. हा माणूस गाडीवान नव्हता आणि कारखानदारही नव्हता. तो जनावरांचा डॉक्टर होता.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणी घरातील लोक त्यांना नाजूक प्रकृतीचे समजत, म्हणून शेतातील कष्टाची कामे त्यांना फारशी दिली जात नसत. ते एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. १८६७ साली ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांचा दवाखाना खूप नावारूपाला आला. त्या काळी मोटारी नव्हत्या. सगळी वाहतूक घोड्यांवर चाले. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची वाण नव्हती. रबराच्या लहानसहान वस्तू स्वतःच्या हाताने बनवण्याचीही त्यांना सवय होती.

बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे होते. डनलॉप यांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवी. तिच्या चाकांना भरीव रबराच्या कडा होत्या. त्या दगडांवरून जाताना सायकल गदगद हले आणि वेगही येत नसे. मुलाने वडिलांकडे तक्रार केली. वडिलांनी ती मनावर घेतली.

१८८७ सालची ही गोष्ट आहे. तेव्हा डनलॉप ४७ वर्षांचे होते. त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराची नळी करून ती चकतीच्या कडेभोवती बसवली आणि तिच्यावर कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकली. मग फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरून तिचे तोंड बांधून टाकले. हवा हा शब्द आपल्या उर्दूत आणि मराठीत एकच आहे. डनलॉप यांचा सगळा शोध या एका शब्दात मावतो.

पण नवे चाक जुन्यापेक्षा चांगले आहे, हे ठरवायचे कसे? हाताने दाबून पाहिले तर ते मऊ लागत होते, एवढेच. डनलॉप यांनी जॉनीच्या सायकलचे जुने चाक काढले. दोन्ही चाके घेऊन ते अंगणात गेले. आधी जुने चाक ढकलले. ते अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचले नाही, वाटेतच आडवे पडले. मग हवेचे चाक ढकलले. ते सरळ पलीकडे गेले, फाटकाच्या खांबावर आपटले आणि उलट मागे आले.

असे का झाले, हे समजून घेऊ. भरीव चाकाखाली खडा आला की सगळे चाक वर उचलले जाते. ते वर चढण्यात आणि खाली आपटण्यात त्याचा जोर खर्च होतो. हवेच्या चाकाखाली खडा आला की तेवढाच भाग आत दबतो. खडा मागे पडला की हवा तो भाग पुन्हा बाहेर ढकलते. चाक जवळजवळ सपाटीवरच राहते.

अंगण एकच, ढकलणारा एकच, चाके मात्र दोन. टायरांची तुलना करण्याची हीच पद्धत आजही आहे. युरोपातील थंड देशांत मोटारीसाठी उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असतात. उन्हाळी टायरचे रबर तापलेल्या रस्त्यावर पकड धरते, पण सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते कडक होऊ लागते. तेथे भारी किमतीच्या उन्हाळी टायरांची परीक्षा घेतात, तेव्हा मोटार तीच, रस्ता तोच आणि वेगही तोच ठेवतात. बदलतात ते फक्त टायर. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर मोटार किती मीटरवर थांबते, वळणावर घसरते का, आवाज किती होतो, टायर किती झिजतो, हे सारे मोजतात. एका परीक्षेत पहिला आलेला टायर दुसरीत मागे पडतो. हलका फिरणारा टायर इंधन वाचवतो, पण ओल्या रस्त्यावर तो घट्ट धरेलच असे नाही. म्हणून आपली मोटार कोठे चालणार, हे आधी पाहावे लागते. कोल्हापूरच्या मोटारमालकाला बर्फाची चिंता नाही. त्याने गगनबावड्याच्या घाटातला पाऊस आठवावा.

आता पुन्हा बेलफास्टला जाऊ. डनलॉप यांनी जॉनीच्या सायकलच्या मागील दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. १८८८ च्या आरंभी एका रात्री चांदण्यात जॉनी ती सायकल घेऊन बाहेर पडला. सकाळी वडिलांनी टायर बारकाईने तपासले. रबरावर एक ओरखडाही नव्हता. त्याच वर्षी डनलॉप यांना या शोधाचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोधावरील सरकारमान्य हक्क.

लोकांना मात्र हे जाड, फुगीर टायर पाहून हसू येई. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात खेळांचे सामने होते. विली ह्यूम नावाचा सायकलपटू हवेचे टायर लावलेली सायकल घेऊन मैदानात उतरला. तो फार मोठा खेळाडू मानला जात नव्हता. त्याची सायकल पाहून प्रेक्षक हसले. ह्यूमने त्या दिवशी सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. हसणे तेथेच थांबले.

सायकलशर्यतींच्या जगातील एक मोठे व्यापारी हार्वे ड्यू क्रो यांनी ही गोष्ट हेरली. त्यांच्या पुढाकाराने १८८९ साली डब्लिन येथे टायरची कंपनी निघाली. डनलॉप यांनी आपला हक्क कंपनीला दिला. आणि १८९० साली एक बातमी आली. हे पेटंट टिकणार नाही, असे कळले. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. त्याने असे टायर घोडागाडीला लावून, गाडी ओढायला किती जोर लागतो, याची तुलनाही केली होती. पण तेव्हा सायकलींचा जमाना आला नव्हता आणि रबरही महाग होते. लोक थॉमसनला विसरून गेले. डनलॉप यांना त्याची काहीच माहिती नव्हती. दोघांनीही प्रामाणिकपणे तोच शोध लावला, पण कायद्याने पहिला मान थॉमसनचा होता.

कंपनीने मग इतरांची पेटंटे विकत घेऊन धंदा सांभाळला. त्यांत चाकावरून काढता-घालता येणाऱ्या टायरचे पेटंट महत्त्वाचे होते. डनलॉप यांचे टायर चाकाला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढणे फार जिकिरीचे होई. १८९५ साली डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी मोटारींची शर्यत झाली. तीत मिशलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालवली. वाटेत पुष्कळदा पंक्चर झाले, पण मोटारीलाही हवेचे टायर चालतात, हे जगाला दिसले. पुढच्याच वर्षी डब्लिनची ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या पैशातून डनलॉप यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

कंपनीला मात्र त्यांचे नाव हवे होते आणि त्यांचा चेहराही हवा होता. लांब दाढीचे डनलॉप जाहिरातींतून लोकांच्या ओळखीचे झाले. पुढे जाहिरातींतील चित्रांत त्यांना उंच टोपी, झकपक कपडे आणि हातात छडी अशा थाटात दाखवू लागले. डनलॉप साधे राहणारे होते. आपली थट्टा होते आहे, असे त्यांना वाटले. आयुष्याच्या अखेरीस, ८० वर्षांच्या वयात, त्यांनी आपलेच नाव धारण करणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. हा वाद लंडनच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे जॉन बॉइड डनलॉप यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. अंगणातील त्या दोन चाकांची हकिकत त्यांनी त्यात सांगितली आहे.