डॉ. जॉन्सन आणि उटॉक्सिटरचा बाजार

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना त्यांच्या विजयांकडेच आपलें लक्ष जातें. परंतु त्यांनीं आपल्या चुकीचें ओझें कसें वाहिलें, हें पाहण्यांतहि मोठा लाभ आहे. म्हणून प्रसिद्ध इंग्रज ग्रंथकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या एका लहानशा नकाराची हकीकत आम्ही येथें सांगत आहों.

सॅम्युएलचा जन्म इंग्लंडांतील लिचफील्ड येथें 1709 सालीं झाला. त्याचे वडील मायकेल जॉन्सन पुस्तकें विकीत. पण धंद्यांत बरकत नव्हती. बाजाराच्या दिवशीं ते उटॉक्सिटर गांवीं जाऊन पुस्तकांचें दुकान मांडीत. मुलगा मोठा बुद्धिमान. परंतु गंडमाळेच्या विकारामुळें त्याच्या चेहऱ्यावर व्रण राहिले होते आणि दृष्टि अधू झाली होती. 1728 सालीं तो ऑक्सफर्ड येथील पेंब्रोक कॉलेजांत गेला. तेथें त्याचे फाटके जोडे पाहून कोणीं दयाळू माणसानें त्याच्या दाराशीं नवे जोडे ठेविले; ते त्यानें संतापानें फेकून दिले. पुढें पैशाच्या अभावीं सुमारें वर्षभरांतच त्याला पदवीवांचून घरीं परतावें लागलें.

अशा या मानी तरुणास वडिलांनीं एकदां आपल्याबरोबर उटॉक्सिटरच्या बाजारास येण्यास सांगितलें. बाजारांत उभें राहणें त्याला कमीपणाचें वाटलें. त्यानें साफ नकार दिला. गोष्ट एवढीच! परंतु 1731 च्या डिसेंबरांत वडील वारले. आतां क्षमा मागावयाची ती कोणाजवळ?

1737 सालीं जॉन्सन लंडनला गेले आणि दारिद्र्य सोसून लेखणीवर पोट भरूं लागले. 1755 सालीं त्यांचा 40,000 हून अधिक शब्दांचा इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला व त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. मात्र 1740 नंतर ते आईच्या भेटीस गेले नव्हते. 1759 च्या जानेवारींत तीहि वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च भागविण्यासाठीं त्यांनीं एका आठवड्यांत ‘रासेलस’ ही कथा लिहून काढली. जीवनाचा कोणता मार्ग निवडावा, याचा शोध घेत हिंडणारा एक राजपुत्र तिचा नायक आहे. माणसाच्या निवडीचे परिणाम किती दूरवर पोंचतात, हें तिच्या लेखकाला दुसऱ्या कोणापासून शिकावयाचें नव्हतें.

त्या नकाराला सुमारें 50 वर्षें लोटलीं. वृद्ध जॉन्सन एके दिवशीं उटॉक्सिटरला गेले. हवा अतिशय वाईट होती. वडिलांचें दुकान जेथें मांडलें जाई, त्याच जागीं ते उघड्या डोक्यानें भर पावसांत बराच वेळ उभे राहिले. पुढें त्यांनीं स्वतःच ही हकीकत सांगितली आणि त्या नकाराचें मूळ आपल्या गर्वांत होतें, हें कबूल केलें. 1784 सालीं त्यांचें देहावसान होऊन वेस्टमिन्स्टर ॲबेंत दफन झालें. लिचफील्ड येथें 1838 सालीं उभारलेल्या त्यांच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर पावसांतील हा प्रसंग कोरलेला आहे. अपराधाच्या जाणिवेवर 1850 सालीं ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी लिहिणारे अमेरिकन लेखक हॉथॉर्न यांनीं त्यापूर्वींच मुलांसाठीं ही कथा सांगितली होती.

बालमित्रहो, जॉन्सन यांचा पश्चात्ताप व्यर्थ होता, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या गर्वानें नकार दिला, तोच त्या पावसांत भर बाजारांत मान खालीं घालून उभा राहिला. परंतु ज्यांच्यासाठीं हें सारें झालें, ते पाहावयास तेथें नव्हते. तुमच्यापैकीं कित्येकांचे आईवडील शेतांत, दुकानांत किंवा कारखान्यांत राबून तुमची फी भरतात. त्यांच्या कामाची तुम्हांला लाज वाटूं नये. आणि त्यांनीं हांक मारली असतां ओठांवर नकार आलाच, तर तो तेथेंच थांबवावा. तो मुखावाटे निघून गेलाच असेल, तर आज संध्याकाळींच घरीं क्षमा मागावी. जें 50 वर्षांनीं भर पावसांत उभें राहूनहि पुरें होत नाहीं, तें आज दोन शब्दांनीं होतें.