शब्दास वाट करून देणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी उभे राहिले असता शेजारच्या मित्राचे बोलणेही ऐकू येत नाही, हा अनुभव इस्लापूरच्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस आहे. मित्राचा आवाज काही क्षीण झालेला नसतो. पैनगंगेचा घोष त्यावर पसरलेला असतो. शब्द दूर पोहोचविणे हे अवघड काम खरे. पण तो दुसऱ्या आवाजात बुडू न देणे हे त्याहूनही अवघड. ही दोन्ही कामे ज्यांनी अंगावर घेतली, त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे संक्षेपाने ठेवीत आहो.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. त्यांचे वडील उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक होते. मातेस मात्र फार कमी ऐकू येई. इतर लोक तिच्याशी कर्णनळीतून बोलत. हा मुलगा तिच्या कपाळाशी तोंड नेऊन सावकाश व स्पष्ट बोले, आणि ते तिला समजे. आवाज म्हणजे कंप, हा धडा बेल यांस पुस्तकाआधी घरीच मिळाला. पुढे त्यांचे दोघेही भाऊ क्षयरोगास बळी पडले. उरलेल्या एका पुत्रास तरी वाचवावे म्हणून मातापितरांनी १८७० साली स्वदेश सोडून कॅनडाची वाट धरली. पुढील वर्षी बेल अमेरिकेतील बोस्टन शहरी बधिर मुलांस बोलावयास शिकवू लागले.

त्या काळी तारायंत्राचा प्रसार झपाट्याने होत होता. पण साध्या तारेवरून एका वेळी एकच संदेश जाई. संदेश वाढले की तारा वाढवाव्या लागत आणि खर्चही वाढे. एकाच तारेवरून अनेक संदेश एकदम धाडता आले तर किती बरे होईल, असा विचार अनेक शोधक करीत होते. बेल यांनी त्यासाठी संगीताचा आधार घेतला. सतारीची वरची तार छेडली असता खालच्या तरफांपैकी तिच्या सुराशी जुळलेली तरफ आपोआप झंकारते, बाकीच्या स्तब्ध राहतात. त्याच न्यायाने एका तारेवरून निरनिराळ्या सुरांचे विद्युत्स्पंद एकदम सोडावे, आणि पलीकडच्या प्रत्येक पोलादी पट्टीने आपापला सूर तेवढा उचलावा, अशी त्यांची योजना होती. दिवसा अध्यापन व रात्री प्रयोग, असा त्यांचा क्रम चाले.

२ जून १८७५ रोजी या प्रयोगात एक पट्टी अडकली. सहाय्यक थॉमस वॉटसन यांनी ती बोटाने मोकळी केली, तो दुसऱ्या खोलीत बेल यांच्या कानी तिचा नुसता सूर नव्हे, तर त्यातील बारीक छटाही आल्या. पट्टीचा सूर जर असा जातो, तर मनुष्याचा शब्द का जाऊ नये? ७ मार्च १८७६ रोजी त्यांस टेलिफोनचे पेटंट मिळाले, आणि तीनच दिवसांनी वॉटसन यांस त्यांची हाक यंत्रातून ऐकू आली. एलिशा ग्रे नामक शोधकाचा याच विषयावरील कागद बेल यांच्या अर्जाच्याच दिवशी कचेरीत दाखल झाला होता. त्यावरून मोठे वाद माजले. अखेर १८८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेल यांच्या बाजूने निकाल दिला.

टेलिफोन तर निघाला. पण नवीच पीडा उभी राहिली. प्रारंभी खांबांवरून एकच तार जाई आणि परतीचा प्रवाह जमिनीतून येई. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या तारायंत्राची टकटक व परक्यांचे संभाषण बोलणाऱ्याच्या कानी पडे. एका तारेतील बदलता प्रवाह जवळच्या दुसऱ्या तारेत आपला अंश उत्पन्न करतो, हे त्याचे कारण. १८८१ साली बेल यांनी यावर उपाय म्हणून पेटंट घेतले. परतीसाठी जमिनीऐवजी दुसरी तार घ्यावी, आणि दोन्ही तारांस एकमेकींभोवती पीळ द्यावा. पिळामुळे कधी ही तार, कधी ती तार उपद्रवाच्या जवळ येते. म्हणून दोघींवर त्याचा परिणाम सारखाच होतो. ऐकणारे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा जाणते. जे दोघींत सारखे आहे, ते आपोआप वजा होते. ज्यांनी तारा कमी करण्यास आरंभ केला, त्यांनीच येथे एक तार वाढविली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. काटकसर चांगली खरी, पण ती योग्य जागी.

मुंबईत टेलिफोनचे केंद्र १८८२ साली सुरू झाले. आज शाळांतील संगणक परस्परांस जोडणाऱ्या जाड तारेत आठ तारा असतात, आणि त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. प्रत्येक जोडीचा पीळ निराळा ठेवतात, म्हणजे जोड्याही एकमेकींच्या बोलण्यात येत नाहीत. पूर्वी संगणक व छपाईयंत्र यांमधील तारेच्या टोकास पंचवीस टाचण्या असत. पुढे यूएसबीच्या साध्या तारेत चारच तारा पुरू लागल्या, आणि त्यांपैकी माहिती नेणारी जोडी दोनच तारांची. पुष्कळ तारांतून एकदम जाणारी माहिती एका जोडीतून क्रमाने, पण अतिवेगाने जाऊ लागली. या वेगातही पिळाची ती जुनी युक्ती उपयोगी पडते.

बेल यांनी १८७७ साली मेबल हबर्ड यांच्याशी विवाह केला. पाचव्या वर्षी ज्वराने त्यांचे ऐकणे गेले होते. माता बधिर, पत्नी बधिर; म्हणून बधिरांची सेवा हेच बेल आपले मुख्य कार्य मानीत. पण थोरांचे दोष झाकणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. बधिरांनी बोलावयासच शिकावे, खुणांची भाषा शाळांतून दूर व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्यामुळे अनेक बधिरांस आपली स्वतःची वाणी हिरावली गेल्याचे दुःख झाले. खुणांची भाषा ही परिपूर्ण भाषा आहे, हे आज भाषाशास्त्र मान्य करते. एका तारेचा शब्द दुसरीने बुडवू नये म्हणून ज्यांनी एवढी काळजी वाहिली, त्यांच्याच आग्रहाखाली दुसऱ्यांचा शब्द बुडाला, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील बॅडेक येथे बेल यांचे देहावसान झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. शब्दांसाठी झटलेल्या पुरुषास शांततेचा हा मान शोभून दिसला. विद्यार्थिमित्रहो, परमेश्वराने कान दिले ते केवळ मोठा आवाज ऐकण्यासाठी नव्हेत. वर्गात, घरात, गावात ज्याचा आवाज इतरांच्या गलबल्यात बुडतो, त्याच्याकडे प्रथम कान द्यावा. बेल यांच्या यशापासून आणि त्यांच्या चुकीपासूनही आम्ही हाच बोध घेतो.