तीन रात्रींचा इस्तिखारा : हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.)

निवडणूक जवळ आली की मशिदीत नमाजनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो. मत कोणाला द्यावे, यासाठी इस्तिखारा करता येतो काय? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी फतव्याच्या भाषेत न देता एका सहाबींचे चरित्र आपल्यासमोर ठेवतो.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे मक्केतील कुरैशांच्या बनू जुहरा या शाखेतील. त्यांचे पूर्वीचे नाव प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बदलून अब्दुर्रहमान असे ठेवले. इस्लामचा स्वीकार करणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या व्यक्तींत त्यांची गणना होते. मक्केतील छळामुळे त्यांनी प्रथम हबशा देशात आणि पुढे मदीनेत हिजरत केली. मदीनेत प्रेषितांनी त्यांचे बंधुत्वाचे नाते हजरत सअद बिन रबीअ (रजि.) या अन्सारींशी जोडून दिले. सअद यांनी आपली निम्मी संपत्ती त्यांना देऊ केली. त्यांनी सअद यांना बरकतीची दुआ दिली आणि केवळ बाजाराची वाट विचारली. पनीर आणि तुपाच्या विक्रीपासून सुरुवात करून ते मदीनेतील मोठ्या धनिकांत गणले जाऊ लागले. बद्र व उहुदच्या लढायांत ते होते. तबूकच्या प्रवासात तर एका फज्रला स्वतः प्रेषितांनी त्यांच्या मागे नमाज अदा केली. संपत्तीने त्यांचे मन मात्र निबर झाले नाही. एकदा रोजा सोडताना समोर अन्न आले, तेव्हा हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांचे आखूड कफन आठवून ते इतके रडले की अन्न तसेच राहिले.

आता मूळ विषयाकडे येऊ. हिजरी सन २३ (इ.स. ६४४) मध्ये फज्रच्या नमाजमध्ये हजरत उमर (रजि.) यांच्यावर खंजिराचे वार झाले. जखमी उमर यांनी हात धरून ज्यांना इमामतीसाठी पुढे केले, ते अब्दुर्रहमान बिन औफच होते. पुढचा खलीफा निवडण्याचे काम उमर यांनी सहा जणांवर सोपवले : हजरत अली, हजरत उस्मान, हजरत जुबैर, हजरत तल्हा, हजरत सअद बिन अबी वक्कास आणि हजरत अब्दुर्रहमान (रजि.). आपल्या पुत्राला त्यांनी सल्ल्यापुरते ठेवले, सत्तेत वाटा दिला नाही.

जुबैर यांनी अलींच्या, तल्हा यांनी उस्मान यांच्या आणि सअद यांनी अब्दुर्रहमान यांच्या बाजूने माघार घेतली. तेव्हा अब्दुर्रहमान यांनी आपली उमेदवारीच सोडून दिली आणि उरलेल्या दोघांतून एक निवडण्याची जबाबदारी पत्करली. ही जबाबदारी सोपी नव्हती. त्यांच्या एक पत्नी, उम्मे कुलसूम बिन्ते उक्बा (रजि.), या हजरत उस्मान यांच्या आईकडून सख्ख्या बहीण. नात्याकडे झुकल्याचा ठपका येऊ शकत होता, आणि दुसऱ्या बाजूला प्रेषितांचे जावई व चुलतभाऊ अली होते. (उस्मानही प्रेषितांचे जावईच!)

अशा वेळी त्यांनी काय केले? इमाम इब्ने कसीर यांनी लिहिले आहे की तीन दिवस व तीन रात्री त्यांनी फारशी झोप घेतली नाही. नमाज, दुआ, इस्तिखारा आणि जाणत्यांची विचारपूस यांतच तो वेळ गेला. ते लोकांना एकेकटे भेटले, गटागटाने भेटले. पडद्याआडच्या स्त्रियांना विचारले, मदरशातील मुलांना विचारले, मदीनेत नुकत्याच आलेल्या प्रवाशांनाही विचारले.

वाचकहो, इथे जरा थांबा. आपल्यापैकी अनेकांच्या मनात इस्तिखारा म्हणजे झोपताना दुआ करणे आणि स्वप्नाची वाट पाहणे. मग स्वप्नात कोणते निवडणूक चिन्ह दिसेल, याची उत्सुकता! हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. दोन रकअत नफल नमाज आणि एक दुआ, एवढेच आहे. हे काम माझ्या दीनसाठी, जीवनासाठी व परिणामासाठी चांगले असेल तर ते सोपे कर, नसेल तर मला त्यापासून वळव, असा त्या दुआचा आशय. शिवाय इस्तिखारा जायज गोष्टींपुरताच असतो. पैसे घेऊन मत द्यावे काय, यासाठी इस्तिखारा नसतो. तिथे उत्तर आधीच ठरलेले आहे. आणि ज्या अब्दुर्रहमान यांनी रात्री सजद्यात घालवल्या, त्यांनीच दिवसा घरोघरी जाऊन विचारले. माझ्या मते, नात्याचा प्रश्न असल्यामुळेच त्यांनी केवळ स्वतःच्या मनाच्या कौलावर विसंबणे टाळले.

तिसऱ्या रात्री त्यांनी आपले भाचे मिस्वर बिन मखरमा (रजि.) यांचे दार ठोठावून त्यांना जागे केले. प्रथम जुबैर व सअद यांना बोलावून घेतले. मग अलींशी मध्यरात्रीपर्यंत आणि उस्मान यांच्याशी फज्रच्या अजानपर्यंत एकांतात बोलणे झाले. निवड झाली तर न्याय करीन आणि दुसऱ्याची झाली तर त्याची आज्ञा मानीन, असा शब्द त्यांनी दोघांकडूनही घेतला. सकाळी मुहाजिर, अन्सार आणि सेनापती मशिदीत जमले. लोकांचा कल उस्मान यांच्याकडे असल्याचे त्यांनी अलींना सर्वांसमोर सांगितले आणि उस्मान यांच्या हाती बैअत केली. त्यानंतर अलींनीही केली.

हिजरी सन ३२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मदीनेच्या बकीअ कब्रस्तानात आहे. बद्रच्या लढाईतील हयात असलेल्या प्रत्येकाला ४०० दीनार द्यावेत, अशी वसीयत त्यांनी केली होती. रिवायतीनुसार असे १०० जण होते आणि सर्वांनी आपला वाटा घेतला. त्यांत हजरत उस्मान होते आणि हजरत अलीही होते.