सिद्धगडचे हुतात्मा भाई कोतवाल : आधी काम, मग निवडणूक

मुरबाड : झेडपी, पंचायत समितीची निवडणूक लागली की आपल्याकडे पारावर उमेदवाराची जात, पक्ष आणि खर्च करायची ताकद यावरच चर्चा रंगते. त्याने आधी गावासाठी काय केलंय, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून आज वीर भाई कोतवाल यांच्याबद्दल. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर आपण त्यांना मानवंदना देतो. पण हुतात्मा होण्याआधी भाई नगरपालिकेत निवडून गेलेले लोकप्रतिनिधी होते, ही गोष्ट आजच्या पोरांना फारशी माहीत नाही.

पूर्ण नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानचा. घर नाभिक समाजाचं, परिस्थिती बेताची. माथेरान म्हणजे तेव्हा साहेबांचं आणि मुंबईच्या धनिकांचं थंड हवेचं ठिकाण. वर बंगले, आणि डोंगराखालच्या गावात-वाड्यात शेतकरी, ठाकूर, कातकरी अर्धपोटी. भाईंचं पुढचं शिक्षण पुण्यात झालं. नंतर ते कायदा शिकले, वकील झाले. गरिबाघरचं पोरगं वकील झालं म्हणजे घरच्यांना केवढी आशा! शहरात बस्तान बसवून चार पैसे गाठीला बांधता आले असते. पण भाई मागे फिरले ते आपल्याच डोंगराकडे.

त्यांनी पहिलं काम हाती घेतलं शाळांचं. सरकारी शाळा पोचली नव्हती अशा गावांत लोकांच्या मदतीने शाळा चालू केल्या.

दुसरं काम धान्याचं. हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. आषाढ-श्रावणात घरातला दाणा संपतो, भात अजून शेतात असतं. मग सावकाराच्या दारात जाऊन खावटी उचलायची आणि सुगीला दिढीने फेडायची. एक मण घेतलं की दीड मण द्यायचं. भात आपलं, आणि कणगी सावकाराची भरणार. भाईंनी यावर धान्य बँक काढली. सुगीला धान्य एकत्र साठवायचं आणि अडीनडीला गरजूला त्यातूनच द्यायचं. शिवाय वकिलीचं ज्ञान गरीब शेतकऱ्यांच्या कामी लावलं.

एवढं काम उभं राहिल्यावर ते माथेरान नगरपालिकेच्या राजकारणात उतरले. निवडून आले आणि १९४१ साली उपाध्यक्ष झाले. त्या काळी आजच्यासारखा प्रत्येकाला मताचा हक्क नव्हता. अशा वेळी गरीब नाभिकाचा मुलगा त्या खुर्चीपर्यंत पोचला, ही साधी गोष्ट नव्हे.

खुर्ची मिळाली, पण ते तिला चिकटले नाहीत. ऑगस्ट १९४२ मध्ये चले जाव आंदोलन पेटलं आणि भाई भूमिगत झाले. बायको, लेकरं मागे ठेवून रानात शिरले. आझाद दस्ता उभा केला. त्यात शेतकऱ्यांची, आदिवासींची पोरं होती. सह्याद्रीतून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज नेणारे मनोरे पाडायचे आणि इंग्रज सरकारची कोंडी करायची, हे दस्त्याचं काम. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. तशीच ही वीजही गावांच्या डोक्यावरून मुंबईला जात होती, आणि खाली झोपडीत चिमणी. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात एकामागून एक मनोरे पडले. सरकारने भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं.

शेवटी दस्ता आपल्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या जंगलात मुक्कामाला होता. पोलिसांना ठिकाणा लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घालून गोळीबार केला. मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच हुतात्मा झाले. भाईंचं वय तेव्हा अवघं तीस वर्षं एक महिना.

आज प्रत्येक पक्षाचा पुढारी सिद्धगडावर हार घालायला येतो. यावं, हरकत नाही. पण भाईंनी मत मागण्याआधी शाळा आणि धान्य, ही दोन कामं करून दाखवली होती. आज मुंबईला पाणी देणाऱ्या आपल्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात वाड्यापाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा मत मागायला दारात येईल त्याला पाणी द्या, चहा द्या, आणि सरळ विचारा : निवडून येण्याआधी तुम्ही आमच्या शाळेसाठी काय केलं? आमच्या पाण्यासाठी काय केलं? उत्तर ऐकून मग बटण दाबा.