काळारामाचा दरवाजा आणि सव्वीस जानेवारी

२६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन होय. परंतु देश प्रजासत्ताक होण्याच्या वीस वर्षे आधीपासून हाच दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जात होता. १९२९ च्या डिसेंबरात लाहोर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने संपूर्ण स्वराज्याचा ठराव केला. त्याप्रमाणे २६ जानेवारी १९३० रोजी, रविवारी, ठिकठिकाणी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यात आली. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, पुन्हा रविवारीच, नाशिक शहरात स्वातंत्र्याचा आणखी एक प्रश्न उभा राहिला. तो उभा करणाऱ्या थोर पुरुषाचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील लष्करात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. नंतर लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी मिळविली व ते बॅरिस्टर झाले. तथापि, एका माणसाच्या विद्वत्तेने समाजाची बंधने तुटत नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९२७ साली महाड येथे चवदार तळ्याचे पाणी सर्वांस खुले व्हावे यासाठी त्यांनी सत्याग्रह केला.

२ मार्च १९३० रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुषांची मिरवणूक शिस्तीने पंचवटीतील काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही त्या दरवाजांपुढे बसू लागले. भाऊराव गायकवाड यांच्यासारखे नाशिकचे कार्यकर्ते या लढ्यात अग्रभागी होते. चैत्रातील रथोत्सवाच्या दिवशी सत्याग्रहींवर दगडफेक झाली, तरीही त्यांनी माघार घेतली नाही. याच मार्च महिन्यात, १२ तारखेस, महात्मा गांधी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीकडे निघाले. एक लढा परक्या सत्तेशी होता, तर दुसरा आपल्याच माणसांशी. दरवाजा मात्र उघडला नाही. अखेर १९३५ साली नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे भरलेल्या परिषदेत हा सत्याग्रह थांबविण्याचे ठरले, आणि तेथेच बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला.

पुढे काळाने विलक्षण वळण घेतले. १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले. फाळणीमुळे त्यांची ती जागा गेली, तेव्हा १९४७ च्या जुलैत मुंबई प्रांतातून त्यांची पुन्हा निवड झाली. काँग्रेसचे ते कठोर टीकाकार होते. तरीही स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते कायदेमंत्री झाले आणि २९ ऑगस्ट रोजी संविधानाच्या मसुदा समितीवर त्यांची नेमणूक झाली. या समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. प्रकृती ठीक नसतानाही त्यांनी मसुद्यावरील असंख्य सूचनांना सभागृहात उत्तरे दिली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम सभेने मंजूर केले. संविधानातील सतराव्या कलमाच्या रूपाने ते आज आपल्यासमोर आहे. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व वर्गांस खुली करणारे कायदे करण्यास पंचविसाव्या कलमाने मोकळीक दिली.

संविधान स्वीकारले गेले ते २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. नागरिकत्वाची व अन्य काही कलमे त्याच दिवशी अमलात आली. परंतु १९३० च्या प्रतिज्ञेची स्मृती राहावी म्हणून संपूर्ण संविधान लागू करण्यासाठी २६ जानेवारी १९५० हा दिवस ठरविण्यात आला. अशा रीतीने ज्या वर्षी काळारामाचा दरवाजा बंद राहिला, त्या वर्षीच्या प्रतिज्ञेच्या दिवशीच, वीस वर्षांनी, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम लागू झाले.

संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशीच बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आली तरी समाजात विषमता राहिल्यास लोकशाहीची इमारत धोक्यात येईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. कायद्याने दरवाजाचे कुलूप निघते. शेजाऱ्यास आदराने आत बोलावणे मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते. ध्वजवंदनास उभे राहताना प्रत्येक विद्यार्थ्याने हे ध्यानी ठेवावे.