बालकांच्या कैवारी मिस एग्लंटाईन जेब

इ. स. १९१८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ११ तारखेस पहिल्या महायुद्धाच्या तोफा थंडावल्या. लंडन शहरांत लोकांनीं रस्तोरस्तीं आनंदोत्सव केला. परंतु युद्ध थांबलें म्हणजे युद्धाचें दुःखहि थांबतें असें नाहीं. जर्मनी व ऑस्ट्रिया ह्या पराभूत देशांची दोस्त राष्ट्रांनीं केलेली नाकेबंदी तह होईपर्यंत तशीच चालू ठेवण्यांत आली होती. त्यामुळें तेथें धान्य, दूध, तूपतेल व कोळसा ह्यांची भयंकर टंचाई झाली. ज्यांना युद्ध हा शब्दहि उच्चारतां येत नव्हता, अशीं लहान लहान लेंकरें भुकेनें व रोगानें खंगून मरत होतीं. पण तीं शत्रूचीं लेंकरें! त्यांच्यासाठीं जेत्यांनीं कां झटावें, असें त्या वेळीं पुष्कळांना वाटे. लेंकराला शत्रु-मित्र हा भेद लावतांच येत नाहीं, हें ज्या एका कृश व आजारी इंग्रज स्त्रीनें जगाला पटवून दिलें, तिचें चरित्र आमच्या बालवाचकांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचावें, म्हणून येथें थोडक्यांत देत आहों.

एग्लंटाईन जेब ह्यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत, एल्समिअर गांवाजवळ, एका सुखवस्तु जमीनदार घराण्यांत झाला. घरांत पुस्तकें भरपूर, भोंवतीं मोकळी रानें आणि खेळावयास भावंडें, असें त्यांचें बालपण आनंदांत गेलें. आईचा स्वभाव परोपकारी होता. खेड्यांतील गरीब लोकांना हातकामाचे धंदे शिकविण्यासाठीं तिनें १८८४ सालीं एक संस्था काढली होती. मुलींनीं विद्यापीठांत जाऊन शिकावें ही गोष्ट त्या काळीं थोड्यांनाच रुचत असे. परंतु विद्येची आवड असलेल्या एका आत्यानें त्यांना उत्तेजन दिलें, आणि १८९५ सालीं त्या ऑक्सफर्ड येथील लेडी मार्गरेट हॉलमध्यें इतिहास शिकावयास गेल्या. पुढच्याच वर्षीं त्यांचा धाकटा भाऊ गॅम्यूल शाळेंत असतांना फुप्फुसदाहानें वारला. ह्या आघातानें त्यांच्या मनाला गंभीर वळण लागलें. आपलें आयुष्य केवळ स्वतःच्या सुखासाठीं नाहीं, हा विचार त्यांच्या ठिकाणीं तेव्हांपासून दृढ झाला.

शिक्षण संपल्यावर त्यांनीं शिक्षिकेचा पेशा पत्करला, व मार्लबरो गांवीं गरिबांच्या मुलींच्या शाळेंत त्या शिकवूं लागल्या. येथें त्यांना अपयश आलें, हें आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. मुलांच्या गलबल्यांत त्यांचा जीव गुदमरे. मुलांत रमण्याचा स्वभाव आपणांस लाभलेला नाहीं, हें त्यांनीं स्वतःशीं प्रामाणिकपणें कबूल केलें. प्रकृतीहि साथ देईना; तेव्हां अल्पावधींतच त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढें सर्व जगांतील मुलांची आई होणारी ही स्त्री एका वर्गांतील मुलींपुढें हार खाऊन परतली होती!

ह्यानंतर त्या आईसह केंब्रिज येथें राहूं लागल्या व तेथील एका धर्मादाय संस्थेचें काम करूं लागल्या. गरिबांच्या वस्त्या, त्यांची मिळकत, घरांची स्थिति, मुलांचें आरोग्य ह्यांची घरोघर चौकशी करून त्यांनीं १९०६ सालीं केंब्रिजच्या सामाजिक प्रश्नांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. नुसत्या कळवळ्यानें दारिद्र्य हटत नाहीं; कोणास, कशाची, किती गरज आहे हें मोजून पाहिल्यावांचून दिलेलें दान बहुधा वायां जातें, हा धडा त्या येथें शिकल्या. तोच त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया होय.

युद्धाची पहिली ओळख त्यांना १९१३ सालीं झाली. बाल्कन युद्धांत उध्वस्त झालेल्या लोकांना मदत करणाऱ्या एका फंडाच्या वतीनें त्या मॅसिडोनिया प्रांतांत गेल्या. तेथें निरनिराळ्या वंशांचे, भाषांचे व धर्मांचे लोक एकमेकांच्या भीतीनें घरेंदारें सोडून पळालेले त्यांनीं पाहिले. अंगावर चिंध्या, पोटांत अन्न नाहीं आणि छावणींत रोगांची साथ, अशी त्यांची दशा होती. मदत वांटतांना त्यांना दिसून आलें कीं, वांटलेली भाकर दोन दिवसांत संपते. पण द्वेष मात्र तसाच राहतो व पुढच्या युद्धाचें बीं पेरतो. वर्ष-दीड वर्षांतच सर्व युरोप पेटला.

महायुद्धाच्या काळांत त्यांची धाकटी बहीण डॉरोथी बक्स्टन हिनें एक विलक्षण उद्योग आरंभिला होता. सरकारची परवानगी काढून ती शत्रुराष्ट्रांचीं वर्तमानपत्रें मागवी, व त्यांतील मजकुराचीं भाषांतरें केंब्रिजच्या एका नियतकालिकांत छापवी. एग्लंटाईनबाई ह्या कामांत तिच्या साहाय्यक झाल्या. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या विकारानें त्या ह्या वेळीं फार आजारी असत. तरीहि त्यांनीं हें काम नेटानें केलें. ह्या पत्रांतूनच शत्रूच्या घरांतील मुलांचे हाल दोघी बहिणींना कळूं लागले.

ते हाल कसे होते तें सांगितलें पाहिजे. व्हिएन्ना शहरांतील मुलांना मुडदूस व क्षय ह्या दोन रोगांनीं घेरलें होतें. मुलाला दूध व स्निग्ध पदार्थ मिळाले नाहींत व अंगाला ऊन लागलें नाहीं, म्हणजे त्याचीं हाडें मऊ राहतात. पाय धनुष्यासारखे वांकतात, बरगड्या आंत ओढल्या जातात, आणि मूल वेळेवर उभें राहूं शकत नाहीं. हाच मुडदूस. अशा दुबळ्या शरीरांत क्षयाचा सहज शिरकाव होतो. ह्या रोगाचें मूळ शोधण्यासाठीं हॅरिएट चिक नांवाची इंग्रज विदुषी आपल्या सहकाऱ्यांसह १९१९ पासून १९२२ पर्यंत व्हिएन्नांतील मुलांच्या इस्पितळांत राहिली. कॉड माशाच्या यकृताचें तेल व सूर्यप्रकाश ह्या दोहोंनीं मुडदूस बरा होतो व टाळतांहि येतो, असें तिनें काळजीपूर्वक प्रयोगांनीं सिद्ध केलें. म्हणजे ह्या मुलांचा रोग असाध्य नव्हता. चमचाभर तेल, पेलाभर दूध व दोन घटका ऊन एवढेंच त्यांना हवें होतें. त्यांतील ऊन तेवढें परमेश्वरानें फुकट दिलें होतें. बाकीचें माणसांनीं अडवून धरलें होतें.

हें सहन न होऊन १९१९ च्या वसंतऋतूंत एग्लंटाईनबाई लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत उभ्या राहून पत्रकें वांटूं लागल्या. पत्रकावर एका ऑस्ट्रियन बालकाचें छायाचित्र होतें. डोकें मोठें, हातपाय काडीसारखे. युद्धकाळाच्या कायद्याप्रमाणें असलीं पत्रकें सरकारी तपासणीवांचून वांटणें हा गुन्हा होता. पोलिसांनीं त्यांना पकडलें, व मे महिन्यांत त्यांच्यावर खटला झाला. त्यांनीं वकील दिला नाहीं; स्वतःच आपली बाजू मांडली. कायद्याच्या दृष्टीनें त्यांच्यापाशीं बचाव नव्हता; म्हणून त्यांनीं मुलांच्या हालांविषयींच सांगितलें. न्यायाधीशानें त्यांना ५ पौंड दंड केला. परंतु असें सांगतात कीं, खटला संपल्यावर सरकारी वकिलानेंच दंडाइतकी रक्कम आपल्या खिशांतून काढून त्यांच्या हातांत ठेवली, आणि तीच बाईंनीं आपल्या बालरक्षण फंडाची देणगी म्हणून स्वीकारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १९ मे १९१९ रोजीं, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें मोठी सभा भरली. ह्या सभेनें 'सेव्ह द चिल्ड्रेन फंड' ह्या संस्थेचें कार्य जाहीरपणें सुरू झालें. ज्या राष्ट्राशीं सहा महिन्यांपूर्वीं लढाई चालली होती, त्याच्या मुलांसाठीं पैसे मागणें सोपें नव्हतें. अनेक घरांतील पुत्र त्याच युद्धांत मेलेले होते. तरीहि लोकांनीं पैसे दिले. कामकऱ्यांनीं आपल्या मजुरींतून दिले, श्रीमंतांनीं थैल्यांतून दिले. १९२० सालीं पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनीं सर्व जगांतील कॅथॉलिकांस लिहिलेल्या पत्रांत ह्या फंडाची प्रशंसा केली. प्रॉटेस्टंट इंग्रज स्त्रीनें काढलेल्या संस्थेस पोपचा पाठिंबा मिळावा, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

६ जानेवारी १९२० रोजीं जिनिव्हा येथें ह्या कार्याचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. मदत अमक्या सरकारची असा संशय कोणास येऊं नये, म्हणून तटस्थ स्वित्झर्लंडांत व रेड क्रॉसच्या आश्रयाखालीं त्याचें ठाणें ठेविलें. पैसा मिळविण्याचे बाईंचे मार्ग कांहींजणांना पसंत नसत. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देणें, दुष्काळाचे चित्रपट दाखविणें, हें धर्मकार्यास शोभत नाहीं, असें ते म्हणत. परंतु व्यापारी आपला माल विकण्यास जेवढी अक्कल खर्च करतो, तेवढीच मुलांचे प्राण वांचविण्यास कां खर्चूं नये, असा त्यांचा विचार होता. हिशेब चोख ठेवावा, मदत अगदीं निकड असेल तेथें प्रथम पोंचवावी, आणि मुलाची जात, धर्म व राष्ट्र पाहूं नये, हा त्यांचा दंडक होता.

ह्या दंडकाची खरी कसोटी १९२१ सालीं लागली. महायुद्ध, यादवी युद्ध, सरकारी धान्यवसुली व अवर्षण ह्यांमुळें रशियांत व्होल्गा नदीच्या कांठीं भयंकर दुष्काळ पडला. त्यांत सुमारें ५० लाख माणसें मेलीं असें मानतात. रशियाच्या नव्या क्रांतिकारी सरकारविषयीं इंग्लंडांत मोठा रोष होता, आणि तेथें अन्न पाठविण्यास कांहीं पत्रांनीं कडाडून विरोध केला. बाई डगमगल्या नाहींत. त्या वर्षींच्या सप्टेंबर महिन्यांत सुमारें ६०० टन सामग्री भरलेलें जहाज लंडनहून निघालें. साराटोव्ह प्रांतांत संस्थेनें अन्नछत्रें उघडलीं, व त्यांतून सुमारें ३ लाख मुलांना रोज जेवण मिळूं लागलें. प्रसिद्ध नॉर्वेजियन प्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांच्या नेतृत्वाखालीं इतर संस्थाहि ह्या कामांत होत्या, आणि अमेरिकन लोकांचें साहाय्य तर ह्याहून पुष्कळच मोठें होतें. तरी एका आजारी बाईच्या शब्दावर ३ लाख ताटें वाढलीं जावींत, हें थोडें नव्हे.

परंतु दुष्काळामागून दुष्काळ येणार, युद्धामागून युद्ध येणार; तोपर्यंत मुलांनीं लोकांच्या दयेची वाट पाहत बसावें काय? हा विचार बाईंना अस्वस्थ करी. जिनिव्हाजवळ सालेव्ह नांवाचा डोंगर आहे. त्यावर त्या फिरावयास जात. मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा त्यांनीं १९२३ सालीं सिद्ध केला. त्यांत अवघीं पांच कलमें होतीं. मुलाच्या शरीराची व आत्म्याची वाढ होण्यास लागेल तें त्याला मिळावें. भुकेल्यास अन्न, आजाऱ्यास शुश्रूषा, मागें पडलेल्यास मदत, वाट चुकलेल्यास सुधारण्याची संधि व अनाथास आसरा असावा. संकटकाळीं मुलाला सर्वांच्या आधीं मदत मिळावी. त्याला पोट भरण्याचें शिक्षण मिळावें व त्याची पिळवणूक होऊं नये. आणि आपले गुण बांधवांच्या सेवेसाठीं आहेत, ही जाणीव त्याला लहानपणापासून द्यावी, असा त्यांचा आशय आहे. २६ सप्टेंबर १९२४ रोजीं राष्ट्रसंघानें हा जाहीरनामा मान्य केला. मुलाला मदत ही भीक नसून तो त्याचा हक्क आहे, ही गोष्ट राष्ट्रांनीं एकत्र बसून प्रथमच कबूल केली.

अतिश्रमांनीं बाईंचा देह झिजला होता. थायरॉइडच्या विकारासाठीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि १७ डिसेंबर १९२८ रोजीं, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षीं, जिनिव्हा येथें त्यांचें देहावसान झालें. त्या अविवाहित होत्या. स्वतःचें मूल त्यांना नव्हतें. परंतु त्यांच्या पांच कलमांना वंश चालविण्याचें भाग्य लाभलें. १९५९ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें त्यांचा विस्तार केला. १९८९ सालीं त्यांतूनच बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि १९९२ सालीं आपल्या भारत देशानेंहि तो स्वीकारला. २०२४ सालीं जिनिव्हा शहरानें त्यांचे अवशेष थोरांसाठीं राखलेल्या स्मशानभूमींत सन्मानानें नेले.

करार झाले म्हणून युद्धें थांबलीं नाहींत. आजहि तोफांच्या माऱ्यांत सांपडलेलीं मुलें आहेत, आणि औषधांच्या पेट्या घेऊन त्यांच्यापर्यंत जाणारे डॉक्टर व परिचारिकाहि आहेत. जेव्हां जेव्हां असा एकादा डॉक्टर मुलाचा बाप कोणत्या पक्षाचा हें न विचारतां त्याची जखम बांधतो, तेव्हां तेव्हां तो ह्या बाईंचेंच काम पुढें चालवितो.

विद्यार्थिमित्रहो, यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या परक्या मनुष्यास उचलून घेणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट तुम्हीं प्रार्थनेच्या तासाला ऐकली आहे. त्याला जखमेवर तेल घालण्यास जात विचारावी लागली नाहीं. एग्लंटाईनबाईंनीं तेंच केलें. मात्र त्यांनीं त्या दयेला हिशेब, शास्त्र व कायदा ह्यांची जोड दिली. मुलांत रमणें त्यांना साधलें नाहीं, पण मुलांविषयींचें कर्तव्य त्यांनीं चुकविलें नाहीं. म्हणून आपल्या अंगीं अमुक गुण नाहीं, आपली प्रकृति बरी नाहीं, असें म्हणून कोणीं स्वस्थ बसूं नये. तुमच्याच वर्गांत ज्याच्याशीं तुमचें भांडण आहे असा एकादा मुलगा आजारी पडला, तर त्याच्या घरीं वही घेऊन जाणारे पहिले तुम्हीं व्हा. ह्या थोर बाईंच्या कार्याला एवढ्यापासून सुरुवात करतां येते.