मेजर कँडी यांचा कोश

जालन्याच्या शाळेतील एखाद्या मुलाला आज इंग्रजी शब्द अडला, तर तो कोश उघडतो. शब्दाचे अर्थ आणि तो वाक्यात कसा योजावा, हे त्याला तेथे चटकन सापडते. दोनशे वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. व्हान्स केनेडी यांचा १८२४ सालचा कोश होता खरा, पण तो फारच लहान होता. ही उणीव ज्यांच्या परिश्रमाने दूर झाली, त्यांपैकी एक म्हणजे मेजर थॉमस कँडी.

कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. दोघेही तरुणपणीच ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. कवायत व छावणी यांत दिवस घालवावा आणि वेळ उरल्यास शिकार करावी, असा त्या काळच्या पुष्कळ गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्रम असे. या भावांचे मन मात्र मराठी भाषेकडे ओढले गेले. जेम्स मोल्सवर्थ या अधिकाऱ्याने मराठी शब्दांचा मोठा कोश रचण्याचे काम हाती घेतले होते. त्याला हे दोघे जाऊन मिळाले. शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने हजारो शब्द गोळा करून, पारखून, १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला.

त्यानंतर उलट दिशेचे काम निघाले, आणि तेच अधिक कठीण होते. मराठी शब्दाचा अर्थ शास्त्रीबोवांना विचारता येई. इंग्रजी शब्दासाठी नेमका मराठी शब्द शोधावा लागे. 'फेअर' हा एक शब्द घ्या. तो कोठे जत्रा होतो, कोठे गोरा, तर कोठे न्याय्य! नुसता एक प्रतिशब्द पाठ करणारा विद्यार्थी येथे हमखास फसावयाचा. म्हणून प्रत्येक अर्थ निराळा मांडणे भाग होते. शिवाय ज्या वस्तू व कल्पना या देशात नव्हत्याच, त्यांच्यासाठी नवा शब्द घडवावा लागे किंवा अर्थाचे वर्णन करावे लागे.

हे काम अर्धेमुर्धे झाले असतानाच मोल्सवर्थ यांची प्रकृती ढासळली आणि १८३६ साली ते मायदेशी परतले. आता कोश पुरा कोण करणार? ते ओझे कँडी यांनी उचलले. १८३७ पासून पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. शाळांची व पुस्तकांची कामेही मागे लागलेली होती. ती सांभाळून त्यांनी अक्षरामागून अक्षर पुढे नेले. अखेर १८४७ साली तो भव्य इंग्रजी-मराठी कोश मुंबईस छापून निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर कोशाची योजना व आरंभ मोल्सवर्थ यांच्या नावे नमूद केला असून, तो पुरा करणारे म्हणून कँडी यांचे नाव त्याखाली दिले आहे.

कँडी यांचे आणखी एक काम तर मराठी पुस्तकाच्या प्रत्येक पानावर दिसते. पूर्वी मराठी लिहिताना वाक्ये एकमेकांना चिकटून चालत. कोठे थांबावे, हे वाचणाऱ्याने ओळखावे. कँडी यांनी इंग्रजीतील स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी चिन्हे मराठीत कशी योजावी, हे समजावणारे छोटे पुस्तक १८५० साली लिहिले.

पुढे सरकारचे भाषांतरकार म्हणून शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला. त्यांच्या मराठीला इंग्रजीचे वळण लागते, अशी तक्रार विद्वान करीत, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परक्या भाषेत जन्म घालवूनही तिची ठेवण पूर्णपणे अंगी बाणतेच असे नाही.

पण शब्दांचा शोध त्यांनी सोडला नाही. पहिल्या आवृत्तीनंतर सव्वीस वर्षांनी, १८७३ साली, कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. १८७७ साली महाबळेश्वर येथे त्यांचा अंत झाला.